रीताची मूठ

१

रीताचा फोन दुपारी एकला यायचा. तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेसात झालेले असायचे आणि आठला तिचा दवाखाना उघडायचा, म्हणून मधला अर्धा तास आमचा. माझी बायको गोमती मोबाइल तांब्याला टेकवून खाटेवर उभा करायची आणि समोर बसायची. मी मागे भिंतीला पाठ लावून जेवत असायचो. दोन वर्षं हेच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासासाठीच मी सकाळी उठायचो.

रीता आमची एकुलती एक. नर्सिंग झाल्यावर मिशनने तिला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मासेमारांच्या गावात सेवेला पाठवलं. त्या देशाचं नाव मला आजही धड घेता येत नाही. समुद्र मी पाहिलेला नाही. तीस वर्षं मी मानोरा तालुक्यात बोअरच्या मोटारी काढतो आणि टाकतो. आमच्याकडे पाणी चारशे फुटांवर असतं, तेही त्याच्या मनात आलं तर. जिथे पाणी दाराशी पडलेलं आहे आणि वर हवेतही आहे, तिथे पोरीची चैन असणार अशी माझी समजूत.

चैन कसली! पहिल्या महिन्यातच रडगाणं सुरू झालं. कपडे वाळत नाहीत. चपलांवर हिरवी बुरशी येते. बायबलची पानं एकमेकांना चिकटली. बरणीतल्या मिठाचं पाणी झालं, काड्यापेटी पेटत नाही, अंगभर घामोळ्या. माणसं चांगली होती, रोज कुणी ना कुणी मासे आणून द्यायचं, पण हिला वासाने मळमळायचं. दुसऱ्या महिन्यात ती फोनवर हमसून रडली. "बाबा, मले घरी न्या. मले नाई जमत इथं."

मी म्हणालो, "पान्यात पडलं का पोहता येते, रीता. रुळशील." हे मीच म्हणालो. गोमती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं अकरा. मंडळीतलं कुणी सेवेला गेलं की त्याच्या नावाची मूठ सुरू होते. स्वयंपाकाला बसण्याआधी घरची बाई ज्वारीची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते आणि त्या माणसासाठी देवाकडे काहीतरी मागते. रविवारी अकरा डबे चर्चमध्ये पोत्यात रिकामे होतात आणि पोतं मिशनला जातं. मूठ दोनच कारणांनी थांबते. माणूस घरी परत आला तर, नाहीतर वारला तर.

रीता रडली त्याच्या पुढच्या रविवारी मनकर्णाबाईंनी मला उभं केलं. त्या आमच्या जुन्या पाळकांच्या विधवा, मंडळीत त्यांचा शब्द शेवटचा. "रामधन, पोरीसाठी काय मांगाचं ते तूच सांग," त्या म्हणाल्या. मला लांबण लावता येत नाही. मी डोळे मिटून म्हणालो, "देवा, तिले तिथलीच करून टाक. मंग तिले तरास होनार नाई."

सगळ्यांना ते आवडलं. लहान होतं, पाठ व्हायला सोपं होतं. त्या दिवसापासून अकरा घरांतून रोज दोन वेळा तेच मागणं वर जाऊ लागलं.

२

आणि लागूही पडलं. तिच्या तक्रारी एकेक करून कमी झाल्या. आधी वासाची गेली, मग घामोळ्यांची. वर्षभराने ती तिथल्या बायकांसोबत मासे साफ करायला बसू लागली. मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो की आमची पोरगी तिकडे रुळली.

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पारा त्रेचाळीसला टेकला. आमच्याकडे या दिवसांत लाकडी दार आकसतं आणि फटीतून रस्ता दिसतो. लाटलेला पापड दुसरा लाटेपर्यंत कडक होतो. अशा दिवसांत एका सकाळी गोमती आतल्या खोलीतून म्हणाली, "आवो, मुठीची जवारी सादळली."

"भलतंच. या उन्हात?"

"मंग हात घालून पाहा ना."

मी हात घातला. मनगटापर्यंत गार ओल लागली. डबा बाहेरून कोरडा होता. पाण्याच्या हंड्यांची घडवंची दुसऱ्या खोलीत, छत पत्र्याचं, भिंतीत नळ नाही. गळती असली की तिला उगम असतो, हा माझा धंदा आहे, म्हणून मी डबा हलवून खालची फरशी ठोकून पाहिली. फरशी खणखणीत वाजली. शेजारच्या पिंपात त्याच पोत्यातली ज्वारी होती, ती खडखडत होती. मुठीची ज्वारी मी उन्हात पसरली, तासाभरात वाळली. डब्यात भरली. संध्याकाळी पुन्हा ओली.

दुसऱ्या दिवशी सैफुद्दीन चेन-पुली घ्यायला आला. मोटारी काढायच्या कामात तो वीस वर्षांचा माझा भागीदार, मानोऱ्याचा. मी त्याला काही न सांगता दाणे हातावर दिले. त्याने एक चावला आणि तोंड वाकडं केलं. "रामधनभाऊ, हे तं खारट हाय. कोनी नमक टाकलं का काय याच्यात?"

मला एकदम बरं वाटलं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. कुणीतरी खोडी काढली असणार. सैफुद्दीन गेल्यावर मात्र मी ओट्यावर बसलो आणि विचार केला की आमच्या एप्रिलच्या हवेत ओढायला असतं काय? तो विचार मी तिथेच सोडला. दमलो होतो.

रविवारी चर्चमध्ये डबे रिकामे व्हायला लागले. तिसऱ्या डब्याला मनकर्णाबाईंचा हात थांबला. मग त्यांनी चौथा उघडला, पाचवा उघडला. अकराव्या डब्यापर्यंत पोत्याचा तळ ओला होऊन फरशीवर डाग पडला होता. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मनकर्णाबाईंनी पोत्याचं तोंड बांधलं आणि गीत सुरू केलं.

३

त्या आठवड्यात मी रीताकडे नीट पाहू लागलो. तब्येत छान होती. चेहऱ्यावर तकाकी होती. केस मात्र ओले होते, आणि मला आठवेना की ते कोरडे शेवटचे कधी पाहिले.

"कपडे वाळून राह्यले का आता?" मी सहज विचारलं.

ती हसली. "नाई वाळत. वाळवाचे कायले, बाबा?"

"अन सुट्टी? मेच्या सुरवातीले येनार ना तू? तिकीट काढलं म्हने मिशननं."

"हो," ती म्हणाली. "तुमच्या गावाचं नाव काय होतं? इथं आज एकीनं विचारलं, मले सांगताच नाई आलं."

गोमतीने हसून नाव सांगितलं. पोरगी मस्करी करते असं तिला वाटलं असावं, किंवा तसं तिने ठरवलं. रीताने ते नाव दोनदा घोळून म्हटलं. मग म्हणाली, "आई, तुमच्याकडं तो आवाज नाई ना? मंग झोप कशी लागते तुमाले?"

तिच्यामागे समुद्राचा आवाज कायमच असायचा. लांबून यायचा, थांबायचा, मग काहीतरी ओढत मागे जायचा. दीड वाजता तिने फोन ठेवला. गोमती भांडी घेऊन परसात गेली. मी ताट घेऊन उठलो, तेव्हा आवाज चालूच होता.

आवाजाने मी फसत नाही. मोटर कोरडी फिरते की वाळू ओढते, हे मी रस्त्यावरून सांगतो. मी मोबाइल उचलला, तो बंद होता. लाइट गेलेली होती, कूलर थांबलेला. आतल्या खोलीत आवाज जास्त होता. मी डब्याच्या झाकणाला कान लावला आणि तसाच वाकून उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग झाकण काढलं.

आवाज थांबला. आत ज्वारीच होती. तिच्यावर आडव्या रेघा उमटल्या होत्या, नाल्याचं पाणी ओसरल्यावर गाळावर उमटतात तशा.

४

मी मनकर्णाबाईंकडे गेलो. त्या चष्मा लावून गहू निवडत बसल्या होत्या.

"बाई, ते मागनं बदलाले पाहिजे."

"काहून?"

"पोरगी आमाले विसरून राह्यली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तू काय मांगतलं होतं? तिथलीच कर. देवानं ऐकलं. आता ऐकलं तं तुले राग कायचा आला, रामधन? आपलेच दात अन आपलेच ओठ." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माह्या डब्यात बी पानी हाय. मी पाह्यलं. पन देवाच्या नावाची मूठ हाय, मी कशी थांबवू?"

घरी गोमतीला म्हणालो, उद्यापासून मूठ बंद. ती चुलीजवळ भाकर थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. "जित्या पोरीची मूठ बंद करू? तुमच्या तोंडाले लाज नाई?"

तिचं चुकलं नव्हतं. मूठ थांबवणं म्हणजे आमच्यात पोरगी मेली म्हणून जाहीर करणं.

५

मग मी माझ्यापुरती वाट काढली. पहाटे कामावर निघण्याआधी मी स्वतः मूठ टाकू लागलो. एक नाही, तीन. "देवा, तिले आमची कर. घरी आन." बायका सवयीने मागत होत्या, मी जीव तोडून मागत होतो. मला वाटलं, माझं वजन जास्त पडेल.

पडलं. चौथ्या दिवशी डब्यात हात घातला तर ज्वारी कोरडी. मी आनंदाने एकटाच हसलो. दुपारी एकला फोन लागला आणि रीता ओरडलीच, "बाबा!" माझी पोरगी होती ती, जुनी, दोन वर्षांपूर्वीची. तिने शाळेतल्या लिंबाची चौकशी केली, मावशीच्या म्हशीची केली, मानोऱ्याच्या बसस्टँडवरच्या भज्यांची केली. तिला सगळं आठवत होतं. मी रडलो, सरळ सांगतो.

तिचे ओठ फुटलेले होते. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "इथं धो धो पाऊस पडून राह्यला अन माह्या तोंडात धूळ येते." तिसऱ्या दिवशी तिने रुमालात थुंकून आम्हाला दाखवलं. माती होती, काळी, आपल्या वावरातली असते तशी. तिच्या गालावर बारीक भेगा पडल्या होत्या. सोबतच्या बायका तिच्या अंगावर ओली फडकी ठेवत होत्या, एकजण वाटीने पाणी पाजत होती. "सलाईन लावलं बाबा, बाटली संपून जाते. अंगात काई राहतच नाई. मले न्या ना लवकर."

तिकिटाला नऊ दिवस होते. मी हिशेब केला की नऊ दिवस ती काढेल. माझ्यासारखा कसाई मीच. मुठी मी तीनच्या पाच केल्या.

पाचव्या दिवशी फोन आला तो तिच्या शेजारणीने धरला होता. रीता चटईवर होती. तिने बोलायला तोंड उघडलं, जीभ टाळूला चिकटलेली होती, ती सुटेना. फक्त डोळे आमच्याकडे होते, आणि त्यांतही पाणी नव्हतं.

गोमतीने तेव्हाच आतून डबा आणला आणि माझ्या पायाशी आदळला. "तुमीच हाय ना हे? पाहाटे उठून कायले जाता आत? पोरगी वाळून राह्यली, सोडा तिले!"

मी सोडलं. त्या रात्री काही मागितलं नाही, दुसऱ्या पहाटेही नाही. गोमतीने सांडलेली ज्वारी गोळा केली, मूठ टाकली आणि जुनं मागणं मोठ्याने म्हटलं, मला ऐकू जाईल असं.

दोन दिवसांनी रीता पुन्हा ओल्या केसांनी समोर बसली होती. गालावर एक भेग नव्हती. शेजारणीशी त्यांच्या भाषेत बोलता बोलता हसत होती. आम्हाला म्हणाली, तिकीट परत केलं, इथं काम फार आहे. मला तिने एकदाही बाबा म्हटलं नाही. जिवंत आहे ना, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ताटातलं तसंच टाकून उठलो.

६

त्यानंतर गोमती मूठ टाकून लगेच उठेना. डोळे मिटून बसून राहायची, ओठ हलायचे.

"आनखी काय मांगते?" मी एकदा विचारलं.

"माह्यासाठी मांगते. तुमाले काय करायचं हाय?"

मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, आईचं मन आहे, मागू दे.

मे लागला. पारा चव्वेचाळीस. एका दुपारी लक्षात आलं की गोमती पदराने कपाळ पुसत नाही. तिच्या साड्या परसातल्या तारेवर सकाळपासून होत्या आणि संध्याकाळी काढताना ओल्या होत्या. साबण हलका असेल, असं मी म्हणालो. तिने माझ्या मनगटाला धरून मला बाजूला केलं आणि तिचा हात गार लागला. गारवा बरा वाटला, हेही खरं.

त्या गुरुवारी एका वावरात आमची मोटर पाइपात अडकली. सुटायला वेळ लागला. घरी पोहोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दार उघडंच होतं. चुलीतला जाळ पेटता होता, तव्यावर भाकर नुकतीच फुगत होती. खाटेवर मोबाइल तांब्याला टेकून उभा, फोन चालू. समोर कुणी नव्हतं.

मी वाकून पाहिलं. रीताच्या दवाखान्याचा ओटा दिसत होता. त्यापलीकडे दोरी बांधलेली, आणि दोरीशी दोघीजणी पाठमोऱ्या कपडे वाळत घालत होत्या. एक रीता. दुसरी साडीतली, ठेंगणी. तिने पिळा उलगडला, दोनदा झटकला, दोरीवर टाकला आणि दोन्ही काठ ओढून सारखे केले. मग कोपऱ्याला चिमटीने एक हिसका दिला. तो हिसका मी बत्तीस वर्षं पाहत आलो आहे.

"गोमते," मी म्हणालो.

रीता वळली. ओट्यावरून चालत मोबाइलजवळ आली आणि चुकून लागलेल्या नंबरकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. अदबीने काहीतरी विचारलं, त्यांच्या भाषेत. मी नुसतं तिच्या खांद्यावरून मागे बघत होतो. दुसरी बाई वळली नाही. तिचा हात मात्र दोरीवर, हवेतच थांबला होता.

मग फोन कट झाला. भाकर करपायला लागली होती. मी आधी ती उतरवली.

७

गावातल्या विहिरी पाहून झाल्या. सैफुद्दीनने कॅमेरा लावून आसपासचे सहा बोअर तपासले, एका पैशाची गोष्ट काढली नाही. मानोऱ्याला पोलिसांत कळवलं. रिसोडला तिची बहीण असते, तिच्याकडे गेली असेल असं लोक म्हणतात. मी मान हलवतो. एक वाजता मी खाटेसमोर बसतो. आता फोन येत नाही, मी लावला तर लागत नाही.

काल दुपारी मनकर्णाबाई आल्या. उन्हाने लाल झाल्या होत्या, हातात नवा कोरा डबा. ओट्यावर बसून त्यांनी आधी दम घेतला, मी पाणी दिलं.

"रामधन, मंडळी म्हनते गोमतीच्या नावानं मूठ सुरू करू. जिथं असन तिथं. आता काय मांगाचं ते सांग."

त्यांनी पुढे केलेला डबा मी हातात घेतला. परत आण म्हणावं, तर रीताची टाळूला चिकटलेली जीभ डोळ्यांसमोर येत होती. तिथलीच कर म्हणावं, तर तो हवेत थांबलेला हात. गोमती वळली नव्हती, पण थांबली होती. अजून तिच्यात माझं काहीतरी शिल्लक होतं, आणि ते माझ्याच तोंडून कसं काढून घेऊ? मलाही तिकडे ने, असं म्हणायचं तीनदा मनात येऊन गेलं होतं. तिन्ही वेळा मी जीभ चावली, कारण तिथे मला कुणी ओळखणार नव्हतं आणि मीही कुणाला नाही.

"बोल ना," बाई म्हणाल्या. "अकरा घरं खोळंबली."

मी डबा त्यांच्या मांडीवर परत ठेवला. "काई मांगू नका, बाई."

"असं कसं? निराश नको होऊ. देव ऐकते रे."

"ऐकते," मी म्हणालो. "म्हनूनच."